घरच्या संगणकासाठी कोणते लिनक्स निवडाल?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने थांबली आणि अनेक घरांत एकच पेच उभा राहिला. संगणक उत्तम चालतो आहे, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१५-१६ साली हौसेने घेतलेला, आजही ठणठणीत असलेला आय-फाइव्हचा लॅपटॉप एकदम ‘जुना’ ठरतो. असा संगणक भंगारात काढू नका. त्यावर लिनक्स घातले तर तो आणखी कित्येक वर्षे सुरक्षितपणे वापरता येतो, आणि त्यासाठी परवान्याचा एक रुपयाही द्यावा लागत नाही.

पण लिनक्स घालायचे ठरवले की पुढचा प्रश्न लगेच येतो: कोणते? उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, झोरिन, ओपनसुसे... नावे संपत नाहीत आणि प्रत्येकाचे चाहते आपलेच कसे श्रेष्ठ ते पटवून देतात. माझे सांगणे असे आहे की, श्रेष्ठ कोणते हा प्रश्नच बाजूला ठेवा. आपल्या घरात संगणकावर काय काम होते, यंत्र कसे आहे आणि अडचण आली तर ती कोण सोडवणार, या तीन गोष्टी कागदावर उतरवा. चौथी गोष्ट आपल्यासाठी खास: त्यावर मराठी किती सहज लिहिता येते. या चार कसोट्यांवर उतरेल तेच तुमचे आवडते लिनक्स होईल.

आधी थोडी ओळख

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्‌सने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. त्याच्या आधीपासून, १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरची साधने तयार होत होती. कर्नल, ही साधने, खिडक्या-मेनूंचा पडदा, ब्राउझर, ऑफिस असे सगळे एकत्र बांधून, तपासून जे दिले जाते त्याला ‘डिस्ट्रो’ म्हणतात. म्हणजे उबुंटू आणि फेडोरा यांचा गाभा एकच आहे. फरक पडतो तो कोण बांधते, किती वेळा नवी आवृत्ती येते आणि जुनी किती वर्षे सांभाळली जाते यात.

हा नवखा प्रयोगही राहिलेला नाही. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. आपल्याकडे सी-डॅकने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली तयार केली, तिची पहिली आवृत्ती २००७ साली आली.

कसोटी पहिली: घरातली कामे

घरातल्या प्रत्येकाला विचारून कामांची यादी करा. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, नेटबँकिंग, आयकराचे विवरणपत्र, सातबारा पाहणे, शाळेचे ऑनलाइन वर्ग, पत्रे लिहिणे, हिशेबाचा तक्ता, फोटो साठवणे, छपाई: हे सगळे कोणत्याही डिस्ट्रोवर व्यवस्थित होते. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही चालतात. लिब्रेऑफिस वर्ड आणि एक्सेलच्या फायली उघडते. फक्त खूप सजवलेल्या फायलीत किंवा मॅक्रो असलेल्या तक्त्यांत मांडणी इकडची तिकडे होऊ शकते, म्हणून आपल्या नेहमीच्या दोन-चार फायली आधी उघडून पाहा.

आता अडणाऱ्या गोष्टी. त्या लपवून कोणाचे भले होत नाही.

घरात कोणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल, तर ते विंडोजसाठी बनलेले आहे. फोटोशॉप, इनडिझाइन आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांची लिनक्स आवृत्ती नाही. ऑफिसची ब्राउझरमधली आवृत्ती मात्र चालते, आणि फोटोंच्या बहुतेक घरगुती कामांना गिंप पुरतो. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर टाइप करून मासिकांची, पत्रिकांची जुळणी करणाऱ्यांनी विंडोज पूर्ण काढू नये. बोटाचा ठसा घेणारी आधारची उपकरणे आणि डिजिटल सहीचे टोकन यांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात का, ते विक्रेत्याला आधी विचारा. खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी स्टीम आहे. व्हॉल्व्हने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात, पण व्हॅलोरंटसारखे, फसवणूक रोखण्यासाठी थेट प्रणालीच्या गाभ्यात शिरणारे खेळ चालत नाहीत. काही ओटीटी सेवाही लिनक्सवर सर्वोच्च दर्जाचे चित्र देत नाहीत.

यादीत असे एखादेच काम असेल, तर त्याच्यासाठी विंडोज शेजारी ठेवता येते. रोजची निम्मी कामेच अशी असतील, तर घाई करू नका.

कसोटी दुसरी: यंत्र

तीन आकडे पाहा: रॅम किती, डिस्क कोणती आणि प्रोसेसर ६४ बिट आहे का. बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंनी ३२ बिट प्रोसेसरचा आधार सोडला आहे. डेबियननेही २०२५ साली आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर देणे थांबवले.

रॅम ८ जीबी असेल तर कोणतीही डिस्ट्रो निवडा. ४ जीबी असेल तर हलका पडदा घ्या. २ जीबीवर अँटिएक्ससारखी हलकी प्रणाली सुरू होते, पण ब्राउझरमध्ये चार पाने उघडली की दम लागतो, कारण आजची संकेतस्थळेच जड झाली आहेत. अशा यंत्राकडून पत्रलेखन, गाणी, मुलांचे शैक्षणिक खेळ एवढीच अपेक्षा ठेवा.

एक खर्च मात्र आवर्जून करा. संगणकात अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवा. जुन्या संगणकाच्या वेगात जो फरक एसएसडीने पडतो, तो डिस्ट्रो बदलून पडत नाही. जमल्यास रॅमही ८ जीबी करा.

वायफायची चिप आणि प्रिंटर हे दोन नाजूक भाग आहेत. इंटेलची वायफाय चिप असेल तर सहसा काही करावे लागत नाही. ब्रॉडकॉमच्या आणि रिअलटेकच्या काही चिपांसाठी वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. तेवढ्यापुरता मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरा. प्रिंटरमध्ये एचपीच्या बहुतेक यंत्रांना लिनक्सचा चांगला आधार आहे, आणि वायफायवरून छापणारे अलीकडचे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवायही चालतात. आपल्याकडे दुकानांत आणि घरांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो आणि त्याची जुळणी नवख्याला जड जाते. तो रोज लागत असेल तर आधी त्याचीच चाचणी करा.

कसोटी तिसरी: सांभाळणार कोण?

डिस्ट्रोंमधला खरा फरक इथे कळतो. काही दर सहा महिन्यांनी बदलतात, काही दोन वर्षांनी, काही रोज थोड्या थोड्या.

उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती, म्हणजे एलटीएस, दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षे सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने आधार असतो. घरासाठी त्या घेऊ नका. २४.०४ सारख्या आकड्यापुढे ‘एलटीएस’ लिहिलेले असेल तेवढेच पाहा. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती या एलटीएसच्याच पायावर उभी असते. मिंट २२ ही मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे.

डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. तिची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते, त्यातले कार्यक्रम थोडे जुने पण कसून तपासलेले असतात, आणि दीर्घ आधार धरला तर पाच वर्षे निघतात. फेडोराच्या मागे रेड हॅट आहे. साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने आधार, त्यामुळे वर्षातून एकदा तरी नव्या आवृत्तीवर जावे लागते. आर्च किंवा ओपनसुसे टम्बलवीड यांत ठरावीक आवृत्तीच नसते, नवे कार्यक्रम सतत येत राहतात. शिकण्याची आवड असलेल्याला त्यात मजा आहे. ज्या घरात संगणक फक्त चालावा एवढीच इच्छा आहे, तिथे ही जबाबदारी कोणावर टाकू नये.

गावी आई-बाबांच्या संगणकावर तुम्ही लिनक्स घालून देणार असाल, तर तुम्ही स्वतः जे वापरता किंवा वापरायला तयार आहात तेच घाला. फोनवर ‘खाली डावीकडच्या बटणावर क्लिक करा’ असे सांगताना दोघांसमोर एकच चित्र असले पाहिजे.

कसोटी चौथी: मराठी

मराठी वाचण्याची अडचण आता उरलेली नाही. नोटो देवनागरी किंवा लोहित यांसारखे मुक्त फॉन्ट बहुतेक डिस्ट्रोंत असतात किंवा दोन क्लिकमध्ये घालता येतात. पाहायचे असते ते लिहिणे.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा. तिथे मराठी इनस्क्रिप्ट आणि ‘कगप’ हा उच्चाराप्रमाणे चालणारा आराखडा असे पर्याय दिसतील. इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीच घालावे लागत नाही. रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवायची सवय असेल, तर आयबस हे टंकनाचे साधन आणि त्याच्यासोबत एम१७एन हा जोड घ्या. त्यात आयट्रान्स, फोनेटिक, मिंग्लिश आणि जुन्या टंकलेखकांसाठी रेमिंग्टन असे पर्याय मिळतात. ज्येष्ठांनी टाइपरायटरवर हात बसवलेला असेल तर त्यांना रेमिंग्टनच द्या, या वयात नवा आराखडा शिकायला लावू नका.

मग एक छोटी परीक्षा घ्या. ‘सूर्याचा’ आणि ‘दुसऱ्याचा’, ‘बाळ’, ‘ज्ञान’, ‘ॲप’, ‘ऑफिस’, ‘कॅलेंडर’ हे शब्द टाइप करा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट उमटला, ॲ एकाच अक्षरासारखा दिसला आणि हीच ओळ ब्राउझरमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये आणि फाइलचे नाव देताना तिन्हीकडे लिहिता आली, तर मराठीची सोय झाली. मराठी-इंग्रजी अदलाबदलीची की हाताला सोयीची ठेवा. दिवसातून शंभर वेळा ती दाबायची असते.

जुन्या मजकुराकडेही लक्ष द्या. शिवाजी, कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली पत्रे युनिकोडमध्ये नसतात. तो फॉन्ट नसेल तर सगळी इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते. ही पत्रे, कविता, कुलवृत्तांत विंडोज हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रत्येकाची पीडीएफही काढून ठेवा. पुढे कोणतीही प्रणाली वापरलीत तरी हे काम उपयोगी पडेल.

तर मग कोणते?

पहिल्यांदाच येणाऱ्या, सर्वसाधारण कामे असलेल्या घराला मी लिनक्स मिंट सुचवतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ: विंडोजची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी परके वाटत नाही. अद्यतने कधी घ्यायची ते तुमच्या हातात राहते. ड्रायव्हर शोधून देणारे साधन सोबत असते आणि काही बिघडले तर टाइमशिफ्ट या साधनाने प्रणाली कालच्या स्थितीला नेता येते. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही आवृत्ती घ्या.

लॅपटॉप अगदी नवा असेल, तर त्यातल्या नव्या चिपांना नवे कर्नल लागते. तिथे फेडोरा किंवा उबुंटूची ताजी एलटीएस बरी पडते. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर उबुंटू आणि मिंट त्याचा ड्रायव्हर सहज घालून देतात. फेडोरात त्यासाठी, तसेच काही व्हिडिओंसाठी, आरपीएम फ्युजन हे वेगळे भांडार जोडावे लागते.

अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्याने उबुंटू, फेडोरा किंवा डेबियन यांपैकी एक घ्यावे. बहुतेक अभ्यासक्रमांचे धडे आणि कंपन्यांचे सर्व्हर यांच्याच घराण्यातले असतात, त्यामुळे घरी लागलेली सवय नोकरीत कामाला येते. एकदा घालून पुढची वर्षे काही बदलू नये असे वाटत असेल, तर डेबियन. पडद्याचे रूप महत्त्वाचे वाटत असेल तर आयर्लंडमधली झोरिन पाहा. खूप बदल करून पाहायची हौस असेल तर केडीई प्लाझ्मा हा पडदा घ्या, तो जवळपास प्रत्येक डिस्ट्रोवर मिळतो.

घालण्याआधी चाचणी

लिनक्सची सर्वांत मोठी सोय ही की, ते डिस्कवर काहीही न लिहिता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचे सगळे पुसले जाईल, म्हणून रिकामा घ्या. डिस्ट्रोची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिथे दिलेल्या एसएचए-२५६ च्या अंकांशी पडताळा. मग रूफस किंवा एचरने ती पेनड्राइव्हवर घाला. एकाच पेनड्राइव्हवर तीन-चार डिस्ट्रो ठेवून तुलना करायची असेल तर व्हेंटॉय वापरा.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू झाला की वायफाय जोडा. यूट्यूबवर गाणे लावून आवाज ऐका. कॅमेरा आणि माइक सुरू करून व्हिडिओ कॉल करा. ब्लूटूथ, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या की, टचपॅड तपासा. लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडा आणि तो नीट जागा होतो का पाहा. एक पान छापा. मराठीची परीक्षा घ्या. घरातल्या सगळ्यांना अर्धा तास बसू द्या, कारण वापरणार तेही आहेत. पेनड्राइव्हवर वेग थोडा कमी वाटतो, डिस्कवर घातल्यावर तो वाढतो. जी डिस्ट्रो या चाचणीत बिनतक्रार पार होते ती कागदावर दुसऱ्या क्रमांकाची असली तरी तीच निवडा.

घालताना घ्यायची काळजी

फोटो, कागदपत्रे, ब्राउझरमधल्या खुणा आणि साठवलेले पासवर्ड यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी घ्या, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा. विंडोज ठेवणार असाल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे का पाहा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचा विभाग लिनक्सला अर्धवट बंद झालेला दिसतो आणि त्यात लिहिता येत नाही. जमल्यास विंडोज एका डिस्कवर आणि लिनक्स दुसऱ्या डिस्कवर ठेवा, म्हणजे एकाच्या दुरुस्तीत दुसऱ्याला धक्का लागत नाही.

इन्स्टॉलर ‘पूर्ण डिस्क पुसायची का’ असे विचारतो तिथे थांबून डिस्कचे नाव आणि आकार दोनदा वाचा. ही एकच पायरी माघारी फिरवता येत नाही. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नका. लिनक्स संगणकातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक वेळ धरते. एका सेटिंगने ते जुळते.

पहिला महिना

प्रणाली घातल्यावर आधी सगळी अद्यतने घ्या, टाइमशिफ्टची पहिली नोंद करा आणि फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर नियमित जाईल असे लावा. टाइमशिफ्ट प्रणाली वाचवते, तुमचे फोटो नाही. त्यांची प्रत वेगळीच लागते. कार्यक्रम डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर केंद्रातून घाला. कुठल्यातरी पानावरची आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये चिकटवू नका, विशेषतः ती ‘सुडो’ने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, सुरू होत असेल तर.

शिकायला मराठीतून चांगली सोय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस, गिंप यांचे छोटे पाठ आहेत आणि त्यांतले अनेक मराठीतूनही ऐकता येतात. ते फुकट आहेत आणि घरबसल्या, आपल्या गतीने करता येतात. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा प्लग हा जुना गट आहे. अशा गटातला एक ओळखीचा माणूस कोणत्याही पुस्तिकेपेक्षा लवकर अडचण सोडवतो. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि इतर कार्यक्रमांची मराठी भाषांतरेही स्वयंसेवकांच्या हातभाराने झाली आहेत. एखादा शब्द खटकला तर तो सुधारून पाठवण्याचा हक्क तुम्हालाही आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आपल्या मालकीचे असते ते या अर्थाने, आणि मराठी माणसांनी हा हक्क अधिक वापरावा असे मला मनापासून वाटते.

निवड एकदा झाली की निदान सहा महिने ती बदलू नका. दर पंधरवड्याला नवी डिस्ट्रो घालणाऱ्याचा वेळ मांडामांडीत जातो आणि हात कशावरच बसत नाही. खटकणाऱ्या गोष्टी लिहून ठेवा. पुष्कळदा त्या पडद्याच्या सेटिंगने सुटतात, त्यासाठी प्रणाली बदलावी लागत नाही. सहा महिन्यांनी यादीत काही खरोखर अडणारे उरले, तर पुढची डिस्ट्रो त्या यादीवरूनच निवडा. तोवर तुम्हाला काय हवे आहे ते कोणाही चाहत्यापेक्षा तुम्हालाच नेमके ठाऊक झालेले असेल.